सांधे दुखणाऱ्यांनी एकत्र का बसायचे नाही?

संधिवाताच्या रुग्णांचा आधारगट म्हणजे एकाच दुखण्याची माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जमतात ती बैठक. तिथे डॉक्टर असतोच असे नाही आणि औषध तर विकले जाताच कामा नये. कोणती गोळी कोणत्या वारी घ्यायची, रक्त केव्हा तपासायचे, सकाळी बोटे मिटत नसताना भाकरी कशी थापायची, अपंगत्वाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, हे त्या वाटेने आधी गेलेला माणूस नव्याने आलेल्याला सांगतो. व्यवस्था एवढीच. बीड जिल्ह्यात मात्र तिचा विषय काढला की एक तयार उत्तर समोर येते.

ते उत्तर असे: हे पुण्या-मुंबईचे फॅड आहे. वय झाले की सांधे दुखणारच, त्यासाठी सभा कशाला? खेड्यात माणसाला माणूस आहे, शेजारपाजार आहे, भजनी मंडळ आहे. दुखणेकरी एके ठिकाणी बसले तर दुखण्याच्याच गोष्टी निघणार आणि दुखणे वाढणार. डॉक्टर नसताना चार अडाणी बाया जमल्या तर एकमेकींना काहीबाही औषधे सांगणार. आणि दिवाळी झाली की गावेच्या गावे ऊसतोडीला जातात, बैठकीला येणार कोण? हे उत्तर गावपुढारी देतात, दवाखान्यात मिळते आणि शहरात स्थिरावलेली मुले फोनवरून आईला देतात. ऐकायला ते व्यवहारी वाटते. बारकाईने पाहिले तर त्यातले एकही विधान सरळ उभे राहत नाही, आणि दोन-तीन तर बोलणाऱ्याच्याच अंगावर उलटतात.

वयाचा मुद्दा आधी घ्यावा, कारण सर्वांत जास्त नुकसान त्याने केले आहे. झिजेचा संधिवात वयाबरोबर वाढतो, एवढे खरे. पण संधिवात हा एक रोग नाही. शंभराहून अधिक विकार त्या नावाखाली येतात. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक होतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस विशी-पंचविशीतल्या पोरांचा कणा धरतो. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांचा संधिवात आणखी निराळा. पाचवीतल्या मुलीचे गुडघे सुजतात तेव्हा तिचे कोणते वय झालेले असते?

आमवातात हाडांची हानी पहिल्या दोन वर्षांतच मोठ्या प्रमाणात सुरू होते. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले तर ती पुष्कळ अंशी रोखता येते. म्हणून ‘वयाचे आहे, सोसा’ हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही. ज्या महिन्यांत बोटे वाचली असती तेच महिने तो खाऊन टाकतो. सकाळी उठल्यावर सांधे दहा-पंधरा मिनिटांत मोकळे होतात की तासभर ताठ राहतात, या एका प्रश्नाने झिजेचा आणि सुजेचा संधिवात यांतला पहिला अंदाज बांधता येतो. त्याला यंत्र लागत नाही, पण विचारणारे कोणी तरी लागते. दोन मिनिटांत पेशंट संपवणाऱ्या ओपीडीत तो प्रश्न राहून जातो. जिने तो ताठरपणा वर्षभर सोसला आहे, ती बाई तो पहिल्या पाच वाक्यांत विचारते.

असे रुग्ण आहेतच किती, असा पोटप्रश्नही यात दडलेला असतो. १९९६ साली इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीने घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे निघाले. झिजेचा संधिवात ५.८ टक्के, आमवात ०.५ टक्का. भिगवण काही पुण्यातले उच्चभ्रू कोरेगाव पार्क नव्हे. उजनीच्या जलाशयाकाठचे ते गाव. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. भिगवणचे प्रमाण तिला ढोबळपणे लावले तर दुखणे असणारे प्रौढ तीन लाखांच्या घरात जातात आणि आमवाताचे रुग्ण आठ-नऊ हजारांच्या. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण मोजणी न करताच ‘असे कितीसे असणार’ म्हणणाऱ्यांच्या हाती तर अंदाजही नसतो.

त्यातून बीडचे शरीर भिगवणपेक्षा अधिक झिजलेले असण्याचीच कारणे आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे अंधारात फडावर जायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. गुडघे, कंबर आणि मान यांच्यावर याहून कठोर काम शोधावे लागेल. दुखते म्हणून एक दिवस खोपीवर राहिले तर खाडा पडतो आणि तो मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीच्या हिशेबात भरून द्यावा लागतो. या खाड्याची, पाळीच्या दिवसांतल्याही, धास्ती कुठवर जाते हे २०१९ साली राज्याला कळले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्या वेळी चर्चा गर्भाशयाची झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण शस्त्रक्रियेत अंडाशयेही गेली असतील तर अकाली पाळी बंद होऊन हाडे लवकर ठिसूळ होतात. सांधेदुखीही मागे लागू शकते. २००६ साली मराठवाड्यात चिकुनगुन्याची साथ आली. त्या तापानंतर कित्येकांचे सांधे महिनोन् महिने, काहींचे वर्षानुवर्षे दुखत राहतात. जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि फ्लोराइडने धरलेला कणा अनेकदा ‘वात’ म्हणूनच खपतो. चार वेगवेगळ्या कारणांना एकच तेल चोळले जाते, हे चौघीजणी एकत्र बसून आपापली हकीकत सांगू लागल्या तरच लक्षात येते.

आता शेजारपाजाराचा मुद्दा. खेड्यात माणसाला माणूस आहे, हे वाक्य म्हणणारा बहुधा पुरुष असतो आणि धडधाकट असतो. आमवाताचे दुखणे दिवसभर सारखे नसते. सकाळी बाईला हंडा उचलत नाही, दुपारी ती खुरपायला जाते, संध्याकाळी पुन्हा बोटे सुजतात. शेजारीण तिला दुपारी पाहते आणि सासू सकाळी. दोघींचा निष्कर्ष एकच निघतो: कामाचा कंटाळा. शेजाऱ्याजवळ माया नाही असे नाही, पण न दिसणारे दुखणे मायेलाही दिसत नाही. आणि मुलगी लग्नाची असेल तर? तिच्या आमवाताची गोळी डब्यात लपवली जाते, कारण स्थळ येणार ते त्याच शेजारपाजारातून, त्याच भावकीतून. ज्यांच्यापासून दुखणे लपवायचे त्यांनाच आधार म्हणून पुढे करायचे, हा युक्तिवाद धाडसी आहे खरा. केज तालुक्यातल्या मुलीला धारूर तालुक्यातल्या बाईजवळ बोलता येते ते तिथे तिची सोयरीक नाही म्हणूनच.

भजनी मंडळाचे उदाहरण तर उलटच साक्ष देते. बीडमधले गाव सात दिवसांचा हरिनाम सप्ताह उभा करते. वर्गणी, मंडप, पंगत, पाळ्या, कीर्तनकाराची ने-आण, सारे काही वहीत मांडून पार पाडते. पंढरीच्या वाटेवर दिंडी चालवते. त्याच गावाला महिन्यातून एकदा दहा माणसे तासभर बसवणे जमणार नाही, असे मानायचे? जमणार नाही हे कारण नव्हे. या दुखण्यासाठी एवढी तसदी घ्यावी असे कोणाला वाटलेले नाही, हे कारण आहे.

दुखणेकऱ्यांच्या संगतीने दुखणे वाढते, ही समजूत जगभर होती आणि ती तपासलीही गेली आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग या परिचारिका-संशोधिकेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून दोन तास, आणि शिकवणारे साधे प्रशिक्षित लोक, त्यांतले बरेच स्वतः संधिवाताचे रुग्ण. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सामान्य माणसांनी घेतलेला वर्ग तज्ज्ञांनी घेतलेल्या वर्गापेक्षा उणा ठरला नाही. १९९३ च्या अहवालात चार वर्षांनंतरही सहभागी लोकांचे दुखणे सुमारे वीस टक्क्यांनी आणि डॉक्टरकडच्या फेऱ्या सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळल्या. सुधारणेचा धागा शोधताना लॉरिग यांना व्यायामाच्या मोजमापापेक्षा एक वेगळीच गोष्ट ठळक दिसली: आपल्याला यातून काही तरी करता येते हा विश्वास. तो विश्वास व्याख्यानाने येत नाही. आपल्यासारखेच हात असलेली बाई ते काम करताना दिसली की येतो.

नंतरच्या मोठ्या आढाव्यांत अशा वर्गांनी दुखणे सरासरीने थोडेच कमी होते असे दिसले, हा आक्षेप जाणकार घेतात. घ्यावा. पण गुडघ्याच्या झिजेवर पॅरासिटामॉलचाही उपयोग जेमतेमच होतो असे आढावे सांगतात, आणि म्हणून ती गोळी कोणी फॅड ठरवली नाही. शिवाय बीडमधल्या गटाचे पहिले काम दुखणे किती टक्क्यांनी उतरले हे मोजणे नसेलच. रुग्ण योग्य दारी वेळेत पोहोचला का आणि दिलेले औषध त्याने नीट घेतले का, हे पाहणे असेल.

औषधाचा मुद्दा या साऱ्या उत्तरात वजनदार दिसतो: डॉक्टर नसलेल्या बैठकीत चुकीचे सल्ले पसरतील. पसरू शकतात. पण आज काय पसरले आहे? बाजारच्या दिवशी मिळणारी वाताची पुडी, जिच्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेले नसते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळण्याचे प्रकार देशभर उघडकीस आले आहेत. आठवडाभरात दुखणे थांबते, वैदूचे नाव होते, आणि काही महिन्यांनी चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडे पोकळ होतात. दर पंधरवड्याला ‘ताकदीचे’ इंजेक्शन टोचून घेणारी गुडघेदुखी कोणत्या आधारगटाने शिकवली? चुकीचा सल्ला एकट्या रुग्णाला गाठतो तितक्या सहज तो दहा जणांना गाठत नाही. दहांपैकी एकीने ती पुडी आधी खाल्लेली असते आणि पुढे काय झाले ते ती सांगते.

मेथोट्रेक्झेटचे उदाहरण याहून बोलके आहे. आमवाताचे हे मुख्य औषध स्वस्त आहे आणि गुणकारी आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी ढासळतात आणि जीव जाऊ शकतो. सोबत फॉलिक ॲसिड लागते, रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक अंतराने लागतात, आणि मूल हवे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते आधी बंद करावे लागते. चिठ्ठीवर हे इंग्रजीत लिहिलेले असते. वाचता न येणाऱ्या बाईला ते ‘सोमवारची गोळी’ म्हणून लक्षात राहते, आणि हे नाव डॉक्टर नव्हे तर दुसरी रुग्णच सुचवते. अशी खूण एकमेकींना देणाऱ्या बायांना अडाणी म्हणताना शहाण्यांनी थोडे थांबावे.

अडाणीपणाच्या या आक्षेपाला बीडच्या वेशीवरच उत्तर उभे आहे. जिल्ह्यातल्या आष्टी आणि पाटोदा तालुक्यांना लागून असलेल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. बाळंतपण, हगवण, कुष्ठरोग, क्षयरोग हे सगळे त्या बायकांनी हाताळले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखू शकणाऱ्या बाईला सुजलेले बोट ओळखता येणार नाही, असे म्हणायला बराच अभ्यास लागतो, किंवा अजिबात लागत नाही. खुद्द जिल्ह्यात अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली उभारलेल्या मानवलोकचे काम आहे. बायकांना एकत्र बसवून बोलते करण्याची रीत तिथे चार दशकांची आहे. बचत गटांनी तर बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि नोंद यांची पंचसूत्री गावागावांत रुजवली. त्याच बैठकीत वर्षानुवर्षे पैशाचा हिशेब चोख राहतो, पण गोळीचा हिशेब काढला की बाया अचानक अडाणी ठरतात.

राहिला प्रश्न ऊसतोडीचा. गावे रिकामी होतात हे खरे. पण रिकामी होताना ती विखुरतात का? मुकादमाची टोळी एका गावाची किंवा शेजारच्या दोन-तीन गावांची असते, एकाच कारखान्यावर जाते आणि एकाच तळावर खोप्या घालते. पाच-सहा महिने तीच माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात. गावातल्यापेक्षा तिथे बैठक भरवणे सोपे आहे; कठीण आहे तो वेळ, आणि वेळ कठीण आहे तो खाड्यामुळे. म्हणजे स्थलांतर ही अडचण नसून कामाच्या अटी ही अडचण आहे. ती दूर करायची सोडून रुग्णांच्या नावावर टाकणे सोयीचे पडते, इतकेच. शिवाय मागे गावात राहतात ते म्हातारे आणि मुले; त्यांतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे ऐन थंडीत एकटे दुखत असतात.

मग गट शोधायचा कुठे? महाराष्ट्रात संधिवाताचे जे गट चालतात ते मुख्यतः मोठ्या शहरांत, तज्ज्ञांच्या दवाखान्यांभोवती. बीडच्या रुग्णाने तिकडे उपचाराला गेल्यावर चौकशी जरूर करावी आणि फोनवरून संपर्क ठेवावा. पण महिन्याच्या बैठकीला कोणी पाटोद्याहून पुण्याला जाणार नाही. मराठीत, आपल्या माणसांत असे मंडळ चालते याचा नमुना म्हणून पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाकडे पाहता येते. आजार वेगळा असला तरी रुग्ण आणि घरची माणसे एकत्र जमण्याची पद्धत तीच. बीडमध्ये गट सापडण्याची खरी जागा म्हणजे जिथे रुग्ण आधीच जमतात ती. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग आणि मेडिसिन ओपीडीबाहेरचा बाक, जिल्हा रुग्णालयाची फिजिओथेरपी, ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गटाची मासिक बैठक, गावची आशाताई. तिथे तीन रुग्णांनी एकमेकांचे नंबर घेतले की गटाची सुरुवात झालेली असते.

खोटे गटही असतात, आणि ते ओळखणे कठीण नाही. बैठकीच्या शेवटी तेलाची बाटली, पट्टा किंवा चूर्ण विकायला निघाले, ‘डॉक्टरची गोळी बंद करा’ असे कोणी सांगितले, किंवा महिन्यात खात्रीने बरे करण्याची भाषा झाली, की तिथून उठावे. चांगल्या गटात कोणी कोणाची गोळी बदलत नाही. गोळी घेतली का, तपासणी झाली का, एवढेच विचारले जाते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठीही गट उपयोगी पडतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. वाकडी झालेली बोटे आणि धरलेले गुडघे चलनवलनाच्या अपंगत्वात मोजता येतात आणि चाळीस टक्क्यांच्या पुढे सवलती मिळतात, हे बहुतेक रुग्णांना कोणी सांगितलेलेच नसते. एकटा माणूस या दाखल्यासाठी दोन हेलपाटे घालून घरी बसतो. सात जण एकत्र गेले तर कारकुनाला उत्तर द्यावे लागते. आधारगट नको असणाऱ्यांत कोणाकोणाची सोय आहे, हे इथे थोडे उघडे पडते.

सरकारने २०१० साली असंसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आणला तो कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठी. २०२३ मध्ये त्याचे नाव आणि व्याप्ती बदलली तरी संधिवाताला त्यात स्वतंत्र जागा मिळाली नाही. आशाताई साखर आणि रक्तदाब विचारते; सांधे विचारायला तिला कोणी सांगितलेले नाही. ज्या दुखण्याची नोंद होत नाही त्याला औषध येत नाही, तज्ज्ञ येत नाही, आणि मग ‘मागणीच नाही’ असा शेरा पडतो. मागणी एकट्याने होत नसते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी जाळे उभारले तेव्हाच त्यांची औषधे आणि त्यांचा सन्मान यांवर बोलणे सुरू झाले, आणि तो आजार तर लपवण्याच्या बाबतीत संधिवाताहून शंभरपट कठीण होता.

म्हणून बीडमध्ये संधिवाताचे गट हवेत. ते शहरी सोयीची नक्कल म्हणून नव्हेत, तर तज्ज्ञ दूर, पुडी जवळ आणि खाडा डोक्यावर अशा जिल्ह्यातला उपचाराचा भाग म्हणून हवेत. त्यासाठी लागते ते फार थोडे: सरकारी रुग्णालयातली एक खोली, महिन्यातला एक ठरलेला वार, नोंदीची एक वही आणि प्रश्नांना उत्तर द्यायला तासभर येणारा एक डॉक्टर. एवढ्यालाही जे नाही म्हणतात त्यांनी आधी सांगावे, ‘वयाचे आहे, सोसा’ या त्यांच्या सल्ल्याने आजवर या जिल्ह्यातल्या किती बायांची बोटे वाचली.